अण्णांच्या पटक्यातला गुळाचा खडा

नंदे, नातीबाई, ये बरं अशी जवळ. तू पुण्यात अन् मी इथं, तरी समोर बसलीस असं समजून बोलते. इन्सुलिनची सुई टोचून घेऊन उपाशीच कॉलेजात जातेस म्हणं? शहाणी हायेस का? हे मासिकात धाडायलेय, म्हणजे वाचशील तरी. भुताखेतावर माझा कधी विश्वास नव्हता, आजही न्हाई. पण एक गोष्ट अजून उलगडली न्हाई...

निजामाचं राज्य होतं. मी दहा-अकराची, गाव झरी. माझ्या वडलांना, अण्णांना, साखरेचा आजार — तुझा डायबेटिसच. परभणीच्या डॉक्टरनं इन्सुलिन दिलेलं. बाटली मडक्यात, ओल्या वाळूत ठेवायची.

बाटली संपत आली म्हणून एका सकाळी आमी दोघं बैलगाडीनं परभणीला निघालो. घाईत अण्णांनी सुई घेतली, भाकरी तशीच राहिली. आईनं मला बजावलं, "गोडाला हात लावू देऊ नको त्यांना."

अर्ध्या वाटेत अण्णांनी गाडी थांबवली अन् पटक्यातून गुळाचा खडा काढला. मी तो हिसकला.

"चोरून खाता व्हय? आईला सांगते."

"दे बाय... हात कापायलेत माझे."

"नाटकं करू नका." मी उतरले अन् खडा बैलाला चारला.

गाडी निघाली. थोड्या वेळात अण्णा घामानं भिजले, काहीबाही बोलायले, मला ओळखेनात. कासरा सुटला. मला गाडी हाकता येत नव्हती. मी नुसती रडायले. अन् तोच बैल — आठ दिवसांखाली गंगाखेडच्या बाजारातून आणलेला, ही वाट कधी न पाहिलेला — जोडीदाराला ओढत रस्ता सोडून वळला. थेट एका मळ्यातल्या गुऱ्हाळापुढं थांबला.

गूळ करणारा म्हातारा धावत आला. सुई घेऊन उपाशीच निघाले, वाटेत खायला मागत होते, असं मी रडत रडत सांगितलं. "काय मागत व्हते गं?"

"गूळ."

"मग द्यायचा की, येडे."

त्यानं बोटानं काकवी अण्णांच्या गालाला आतून चोळली. परत चोळली. बऱ्याच वेळानं त्यांनी माझं नाव घेतलं.

"सुईनंतर कापरं भरलं तर खायला डॉक्टरनंच सांगितला होता," म्हणाले. "तुझ्या आईला बोललो असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं."

लोक म्हणतात, बैलाला गुळाचा वास आला असंल. वारा तर पाठीमागून होता... मला ठाऊक न्हाई.

अण्णा पुढं सहा वर्षं जगले. रागावले न्हाईत कधी. पण माझ्याजवळ परत काही मागितलं न्हाई. पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उठून घ्यायचे.

नंदे, दिवाळीची वाट पाहू नको, लवकर ये. अन् आलीस की काहीतरी माग माझ्याजवळ.