सदतीस सज्जन आणि एक लाल ओळ

अडतीस फॉर्म माझ्या टेबलावर पडले होते आणि त्यांतले सदतीस हुबेहूब एकसारखे होते. प्रत्येक फॉर्मवर बारा प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे, आणि बाराही ठिकाणी ‘एक’भोवती गोल. एक म्हणजे ‘अजिबात नाही’. कोणी कधी खोटं बोलत नाही, कोणाला कौतुक आवडत नाही, कोणी कोणाला गोड बोलून कामाला लावत नाही. आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, पण इतकी संतमंडळी एकाच ऑफिसात नोकरीला आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

कपाळावर हात मारून मी अविनाशला फोन लावला.

अविनाश म्हणजे माझ्या मैत्रिणीचा मुलगा. पाटणकर बाजारात त्याचं ऑफिस आहे. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी येऊन सेवा करणारे अटेंडंट तो पुरवतो. धंदा चांगला चाललाय, कारण आमच्या ग्वाल्हेरच्या बऱ्याच मराठी घरांत आता म्हातारे इथे आणि मुलं पुण्या-बंगळुरात. मध्यंतरी कुठल्याशा गावात एका अटेंडंटनं आजीबाईंना थप्पड मारली, त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला, आणि अविनाशचा फोन थांबेना. ‘तुमची माणसं तशी नाहीत ना?’ तो तडक माझ्याकडे फूलबाग भागात आला. रिटायर झाल्यापासून मी तिथे एका खोलीत समुपदेशन करते.

“मावशी, अशी एक टेस्ट असते ना, ज्यात बंदा आतून कसा आहे ते पता चलतं?”

असते. पण तो समजत होता तशी नसते. तीन स्वभावांना मिळून मानसशास्त्रात ‘डार्क’ म्हणतात. एक, स्वतःच्याच प्रेमात बुडालेला. दुसरा, मतलबासाठी लोकांना वापरणारा. तिसरा, दुसऱ्याच्या दुःखानं ज्याला काही म्हणजे काही होत नाही असा. हे तिन्ही थोडे थोडे आपल्या सगळ्यांत असतात, माझ्यात बरेच असावेत असं माझे जुने विद्यार्थी सांगतील. ते मोजायला आधी लांबलचक प्रश्नावल्या होत्या. लोक अर्ध्यात कंटाळून उठायचे, म्हणून दहा-बारा प्रश्नांच्या छोट्या निघाल्या. शेकडो लोकांना देऊन सगळ्या गटाचा अंदाज काढायला त्या बऱ्या. पण एका माणसाला तेवढ्यावरून बरा-वाईट ठरवायचं नसतं. प्रश्नच इतके थोडे की दोन उत्तरं इकडची तिकडे झाली की माणूस देवाचा राक्षस होतो. आणि नोकरी जाईल या धाकात फॉर्म भरताना खरं लिहिणार कोण?

हे सगळं मी अविनाशला दोन कप चहा संपेपर्यंत समजावलं. तो मान डोलवत राहिला. मग म्हणाला, “हां मावशी, बिलकुल. मग कधी देता?”

मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण मैत्रिणीचा मुलगा, शिवाय म्हाताऱ्या माणसांच्या भल्याचं काम. मी बारा प्रश्न सोप्या हिंदीत करून दिले. अटी घातल्या: फॉर्मवर नाव लिहायचं नाही, प्रत्येकानं एकट्यानं भरायचा, आणि निकाल सगळ्यांचा मिळून एकच बघायचा. आकडे भरायला एक एक्सेल शीट बनवून दिली. “त्यात रंग टाका ना मावशी, समझने में आसानी,” म्हणाला. मी रंगही टाकले. बेरीज कमी तर ओळ हिरवी, जास्त तर लाल. ती रेघ कुठे ओढायची याला शास्त्रात काहीही आधार नाही. मी आपली अंदाजानं ओढली, कारण मला वाटलं, नावं नाहीत तर रंगानं काय बिघडणार आहे?

आता फॉर्म समोर होते. प्रत्येकावर नाव, मोबाइल नंबर आणि खाली सही!

“अविनाश, हे काय आहे?” मी फोनवर विचारलं. “नाव लिहायचं नाही म्हटलं होतं ना?”

“अहो मावशी, विना नावाचा फॉर्म कोणता असतो? आमच्या सुपरवायझरला वाटलं, तुम्ही विसरलात.”

“आणि सगळ्यांची उत्तरं सारखी कशी?”

“तो समझदार माणूस आहे. लोकांना फॉर्म समजेना, तर त्यानं बोर्डवर एक भरून दाखवला.”

म्हणजे त्यानं मीटिंगच्या खोलीतल्या बोर्डावर बारा ओळींत बारा वेळा ‘एक’ लिहिला आणि लोकांनी उतरवून घेतला. रेशनचा असो की बँकेचा, आपल्याकडे फॉर्म असाच भरतात. एक शहाणा भरतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. हे मला आधी सुचायला हवं होतं. कॉलेजातल्या पोरांवर संशोधन करून करून माझी अक्कल तेवढ्यापुरतीच उरली होती.

“हे सगळे फॉर्म कचऱ्यात टाक,” मी म्हटलं. “काही उपयोगाचे नाहीत.”

“अहो असं कसं? फॉर्म पाठवण्याआधीच मी आकडे भरले, रिझल्ट आला पण! शीटमध्ये एक लाल निघाली. तिला कालच ड्यूटीवरून उतरवलं.”

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “टेन्शन नका घेऊ मावशी, बदली बाई पाठवलीय.”

ती लाल निघालेली बाई म्हणजे कुसुम. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच माझ्या खोलीवर आली. चाळिशीची, दणकट, आवाज खणखणीत. सासरे फौजेत होते, नवरा ऑटो चालवतो. आल्या आल्या तिनं विचारलं, “मॅडम, त्या कागदावर मी असं काय लिहिलं की माझी नोकरी गेली?”

मी तिचा फॉर्म काढला. “कुसुमताई, तुम्ही बोर्डावरचं उतरवलं नाहीत?”

“मी उशिरा पोचले. अण्णांची अंघोळ राहिली होती. आणि वर लिहिलं होतं की खरं लिहा, म्हणून मी खरं लिहिलं.”

अण्णा म्हणजे तिचे पेशंट. दौलतगंजमधलं जुनं भिक्षुकी करणारं घर, वय चौऱ्याऐंशी, स्मरणशक्ती गेलेली. या आजारात कधी कधी मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची राहते. अण्णांची हिंदी पार पुसली गेली होती. जन्म ग्वाल्हेरात काढलेला माणूस, पण आता हिंदीत कोणी बोललं की त्यांना वाटायचं, दारात परका उभा आहे. अविनाशच्या अडतीस अटेंडंटांत मराठी बोलणारी ही एकटी.

मी तिला एकेक प्रश्न वाचून दाखवला. प्रश्न पहिला: काम काढण्यासाठी मी लोकांना गोड बोलून वळवते. तिनं पाच लिहिले होते.

“मग काय तर!” ती म्हणाली. “अण्णा अंघोळीला तयार नसतात. पाणी पाहिलं की ओरडतात. मी म्हणते, अण्णा, आज अभिषेक आहे, यजमान वाट बघतायत. की लगेच पाटावर बसतात, स्वतःच मंत्र म्हणतात. मंत्र संपेपर्यंत मी पाठ चोळून घेते.”

गरज पडली तर मी खोटं बोलते. पाच.

“रोज विचारतात, आमची सौ. कुठे गेली? त्यांना वारून सहा वर्षं झाली हो. खरं सांगितलं की नव्यानं रडतात, अगदी आजच गेल्यासारखे. आता मी सांगते, मंडईत गेल्यात, भाजी घेऊन येतील. मग शांत.”

दुसऱ्याचं दुःख पाहून मी फारशी हलत नाही. चार.

“त्यांच्या पाठीला झोपून झोपून जखम झालीये. ती धुताना ते कळवळतात. मी पण रडत बसले तर जखम कोण धुणार?”

मी त्या प्रश्नांवर वर्गात किती तास घेतले असतील, पण त्यांची अशी उत्तरं असतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. त्याच लाजेत मी अण्णांच्या सूनबाईंना फोन केला. त्या रडकुंडीला आल्या होत्या. परवापासून अण्णांनी नीट खाल्लं नव्हतं. नवी बाई बिचारी प्रेमानं म्हणायची, बाबूजी, खा लो, आणि अण्णा तिला म्हणायचे, बाहेर थांबा, घरात बायका आहेत. मग तोंड मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले होते, आज खाल्लं नाही तर ॲडमिट करा, नळीनं भरवू.

मी कुसुमला घेऊन रिक्षात बसले आणि पाटणकर बाजार गाठला.

“हिला आत्ताच्या आत्ता अण्णांकडे पाठव,” मी अविनाशला म्हटलं. कुसुमनं सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं.

तो मनापासून ऐकत होता. माणूस वाईट नाही तो, तेच तर दुखणं आहे. “मावशी, मला माहीत आहे ना, कुसुमताई सोनं आहे. पण फाइलमध्ये लाल आहे. उद्या काही झालं आणि कोणी विचारलं की लाल बाई का पाठवली, तर मी काय सांगू?”

“सांग की टेस्ट चुकीची होती.”

“मग बाकीचे सदतीस हिरवे पण चुकीचे?”

“हो!”

“आणि हे?” त्यानं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. नवाकोरा बॅनर टेकवून ठेवला होता: ‘हमारे सभी अटेंडेंट मनोवैज्ञानिक जाँच में उत्तीर्ण’. खाली हसरी म्हातारी.

मी सांगितलं, माणसं तपासायचीच असतील तर न सांगता घरी जा. पेशंटची पाठ बघ, नखं बघ, घरच्यांशी बोल. नव्या माणसाला पंधरा दिवस जुन्याबरोबर ठेव. तो म्हणाला, “तेही करू, पक्का.” मी म्हटलं, मी माझी टेस्ट परत घेते, तसं लिहून देते. तो म्हणाला, “द्या की. पण मग रीटेस्ट घ्यायला टेस्टच उरणार नाही, आणि कुसुमताईंचा हाच कागद कायमचा राहील.”

“रीटेस्ट?”

त्यानं ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. “पाच मिनिटांचं काम आहे मावशी. हिरवी झाली की मी स्वतः गाडीनं सोडतो अण्णांकडे.” तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला.

कुसुमनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, काय लिहू?”

बारा वाजून गेले होते. अण्णांच्या जेवणाची वेळ टळत होती. मी मुलांना संशोधनातली सचोटी शिकवायची, त्यावर पेपर काढायची, खोटे आकडे भरणाऱ्या एकाला मी नापासही केलं होतं.

“सगळीकडे एकला गोल करा,” मी म्हणाले.

ती भराभर गोल करत गेली. मग एका जागी थांबली.

“इथे विचारलंय, गरज पडली तर खोटं बोलता का. इथेही एकच?”

“इथेही एकच.”

“म्हणजे मी खोटं बोलत नाही, असं खोटं लिहू?”

“लिहा कुसुमताई. अण्णा उपाशी आहेत.”

तिनं गोल केला. अविनाशनं आकडे शीटमध्ये टाकले, ओळ हिरवी झाली, तो खूश झाला. दीडच्या सुमारास सूनबाईंचा फोन आला की अण्णांनी वरणभात खाल्ला, नैवेद्य आहे म्हणून. बॅनर आता पाटणकर बाजारात दिसतो. मी त्या रस्त्यानं जायचं टाळते.

त्या छोट्या प्रश्नावल्या खरंच काही पकडतात का, असं लोक मला अजून विचारतात. पकडतात. अडतीस माणसांतून माझ्या प्रश्नावलीनं बरोबर एक पकडली, जी खरं बोलत होती. तिला मी पाच मिनिटांत सुधारलं.