वाळूपर्यंत पायऱ्या किती?

घरातली कपाटं, बाल्कनीतला झोका आणि बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी बाथरूममधला आधाराचा दांडा, हे सगळं मी कुठेही न शिकता स्वतःच्या हातांनी केलंय. मग मे महिन्यात थायलंडला समुद्राकाठी कुठे उतरायचं, हे दुसऱ्याने का ठरवावं?

आज कोथरूडच्या ट्रॅव्हल एजंटने चकचकीत ‘सी व्ह्यू’ हॉटेल दाखवलं.

“खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्या किती?” मी विचारलं.

“अहो काका, व्ह्यू तर बघा!”

“व्ह्यू कॅलेंडरवरही दिसतो. हिला पाण्यात पाय बुडवायचेत.”

त्याने वैतागून हॉटेलला फोन लावला. चौसष्ट! मी शोधलेल्या साध्या गेस्टहाऊसच्या बाईंनी स्वतः मोजून कळवलं होतं: तीन.

तुम्ही विचारता का हो पायऱ्या?

मी उठलो तसा तो म्हणाला, “थांबा, निम्म्या दरात देतो.” मी थांबलो नाही. घरी येऊन तीन पायऱ्यांचं गेस्टहाऊसच ठरवलं: पाच रात्री, वीस हजार.