पोह्यातली नखं

मित्रांनो, आज तेल्हाऱ्याहून अमरावतीला मुलगी पाहायला गेलो होतो. कार्यक्रम संध्याकाळी होता. "तोवर पिक्चर पाहू ना बे," चुलतभाऊ म्हणाला.

निघाला तो जुन्या भयपटाचा रिमेक. नायकाचं शरीर हळूहळू सडत जातं. कॉम्प्युटरची करामत नाही, सगळं मेकअपवाल्यांनी रबर लावून हाताने केलेलं, म्हणून ते ओलं आणि खरं वाटतं. जेवताना त्याचं नख भातात गळून पडतं. बायकोला कळू नये म्हणून तो हसत हसत ते गिळतो. त्या नटाने हे इतकं खरं केलं, की मी पॉपकॉर्नचा पुडा चुलतभावाकडे सरकवला.

संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो. मुलीने पोहे आणले. त्यातला कांदा पातळ, पारदर्शक, वाकलेला. मला नखंच दिसली.

"घ्या ना, पोरीनंच केले," तिचे वडील म्हणाले.

मीही त्या नटासारखं हसून घास घेतला, पण गिळता आला नाही. रुमालात काढला. मुलीने ते पाहिलं.

आत्ता हे स्थळ आणणाऱ्या मध्यस्थांचा फोन आला. "पोरगी पसंत नाही तं तसं सांग. तोंड काहून वाकडं केलं?"

मुलगी मला खरंच आवडली आहे. होकार कळवायचा आहे. पण तिच्या पोह्यांत मला नखं दिसली, हे तिच्या वडिलांना कोणत्या शब्दांत सांगू?