दुसरा दगड घे

घोरपडे मॅडम वर्गात शिरायच्या त्या ओरडतच. "फोन आत! आधी हात लावा, मग डोळे वापरा." वाघोलीच्या आमच्या कॉलेजात त्या वारसा-अभ्यास शिकवायच्या. दगडाला हात न लावता फोटो काढणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसायचा. खरोखरचा.

चीनमधल्या च्वानचौ बंदरात त्या आम्हाला अभ्यासदौऱ्यावर घेऊन गेल्या. शेकडो वर्षांपूर्वी तिथं उतरलेल्या तमिळ व्यापाऱ्यांची एक कोरीव देवी गल्लीतल्या छोट्या देवळात बसलीय. गल्लीतले लोक तिला आपलीच समजून उदबत्ती लावतात. मी ठणकावलं, "मॅडम, ही तर आपली. यांना पत्ताच नाही!"

"उदबत्ती कोण लावतं?"

"ती आजी."

"मग तिची. तू पाहुणा. चपला नीट ठेव."

दगडाची काजळी तळहाताला लागली होती. मी रुमाल काढला तर त्यांनी मनगट धरलं. "पुसू नकोस. कोणीतरी रोज येतं म्हणून लागलीय."

इकडे कॉलेजमागच्या माळावर एक वीरगळ होता, गाव राखताना मेलेल्या कुणा योद्ध्याचा दगड. गावातल्या बाया त्याला तेल-शेंदूर लावायच्या. जमीन बिल्डरनं घेतली. आम्ही पत्रकं वाटली, निवेदनं दिली. तहसीलच्या साहेबांनी चहा पाजला आणि फाइल मिटली. जेसीबी आला त्या सकाळी मॅडम वीरगळाला पाठ टेकून उभ्या होत्या.

"ए बाई, सातबारा हाय का तुझ्या नावावर?" बिल्डरचा एक माणूस गुरगुरला.

"जमीन तुमचीच हो, कोण नाही म्हणतंय? दगडाला तेल कोण लावतं ते सांगा. आपण लावता?"

त्याच्या हातातल्या लोखंडी गजाचा पहिला फटका मॅडमच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा डोक्यात. त्यांना फरफटत बाजूला टाकलं आणि जेसीबीनं वीरगळाचे तुकडे केले. बाया किंचाळत होत्या. पोलिसांची गाडी नाक्यावर उभी होती. उभीच राहिली.

मग आमचंही डोकं फिरलं. हाताला येईल ते उचलून फेकलं. एकाचं कपाळ फुटलं, त्यांच्या गाडीच्या काचा फुटल्या. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. एक मोठा तुकडा मी डोक्यावर उचलला, तेवढ्यात मागून किंकाळी आली. रक्तात माखलेल्या मॅडम कोपरावर रेटून उठत होत्या.

"तो ठेव, गाढवा! वीरगळाचा आहे तो. दुसरा घे. पुण्यात खडी कमी आहे का?"

मी पाहिलं. तुकड्यावर ढाल धरलेला हात कोरलेला होता.

मॅडम दवाखान्यातून परत आल्या नाहीत. कागदोपत्री तो बांधकामावरचा अपघात. थू त्या कागदावर!

आता तिथं टॉवर आहे. ढालीचा तुकडा आम्ही फाटकाबाहेर रोवला. बिल्डरच्या माणसांनी उपटला, बायांनी हातात विळे घेऊन परत रोवला. पुन्हा उपटला, पुन्हा रोवला. त्यानंतर कुणी आलं नाही.

कॉलेजची नवी पोरं येतात, फोन काढतात. मी धपाटा घालतो. मग ती हात लावतात, तळहात तेलकट होतो, आणि एखादी मुलगी रुमाल शोधायला लागते.

मी तिचं मनगट धरतो.