एक घोडा वर

अकोल्याच्या त्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीत मला जिंकणं भाग होतं. जिंकले तर अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या संघातली उरलेली एक जागा माझी, असं खेळाच्या सरांनी सांगितलं होतं. बरोबरी झाली तर ती दुसऱ्या मुलीला जाणार होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजचं नाव असलेला टी-शर्ट घालून गावात एसटीतून उतरायचं, एवढंच मला हवं होतं. सांगायला थोडं लहान वाटतं, पण होतं.

समोर अकोल्याचे एक गुरुजी आले. पन्नाशीचे, शाळेत गणित शिकवणारे, रविवारी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेणारे. त्यांना हरवणारे आसपासच्या जिल्ह्यांत फार थोडे.

मला एकच सापळा नीट येत होता, मोबाइलवर पाहून पाठ केलेला. आपलं एक प्यादं आमिष म्हणून ठेवायचं. त्याची राखण करणारा घोडा हलला तर मागचा आपला वजीर जाईल असं दिसतं, म्हणून समोरचा आपल्या घोड्यानं ते प्यादं खातो. मग आपण खरंच घोडा हलवून त्याचा घोडा मारायचा, वजीर जाऊ द्यायचा आणि उंटानं राजाला शह द्यायचा. त्याला स्वतःचा वजीर मध्ये घालावाच लागतो. वजिराला वजीर जातो आणि आपण एक घोडा वर राहतो, म्हणजे आपल्याकडे एक घोडा जास्त.

एवढ्या मोठ्या खेळाडूपुढे हे मांडायचीच मला लाज वाटत होती. गुरुजींनी प्यादं खाल्लं.

दोन्ही वजीर गेल्यावर ते चिडले नाहीत. पाणी प्यायले आणि पटाकडे बघत बसले. मी मात्र मारलेले मोहरे गोळा करायला लागले. आमच्या गावात ग्रामपंचायतीपुढच्या ओट्यावर बाबा आणि त्यांचे सोबती खेळतात. तिथे मोठा मोहरा फुकट गेला की माणूस हातानं डाव मोडतो आणि नवा मांडतो. तरीही खेळत राहिलं तर सगळे हसतात. मी तिथेच शिकले.

"काहून गोळा करून रायली व पोरी?" गुरुजी हळूच म्हणाले. "डाव तं आता सुरू झाला."

पुढचे तीन तास त्यांचा जो खेळ मी पाहिला तो मला नीट सांगता येणार नाही. ते घाई करत नव्हते. एकेक मोहरा, एकेक प्यादं शांतपणे बदलून घेत होते. घोडा वर असलेला डाव मी कधी शेवटपर्यंत खेळलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. शेवटी त्यांच्या राजानं माझं शेवटचं प्यादं मारलं. पटावर दोन राजे आणि माझा घोडा उरला. मी शह देतच होते. पंच आले आणि म्हणाले, नुसत्या घोड्यानं मात होत नाही, बरोबरी.

मला रडू येत होतं. तरी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला तो सापळा माहीत नव्हता?"

"माहीत? मागच्या रविवारी फळ्यावर पोराइले तोच शिकवला." ते स्वतःवरच हसले. "मोठ्या खेळाडूलेही सापळा लागते. समोर लहान पोरगी हाय म्हणून मी पाहिलंच नाई, हात चालला. ते चूक माही. नंतर तू पाहणं सोडलं, ते तुही."

जागा गेली. पण परतीच्या बसमध्ये मला हरल्यासारखं वाटत नव्हतं. एवढ्या लोकांसमोर फसून इतक्या शांतपणे बसून राहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला होता.

यंदा सुटीत ओट्यावर बाबांशी खेळत होते. त्यांचा घोडा फुकट गेला. डाव मोडायला त्यांनी हात उचलला तो मी धरला.

"हारलेला डाव खेळून मले काय भेटन?"

"तुमाले नाई बाबा, मले. पुढच्या महिन्यात निवड हाय. मले हा डाव शेवटपर्यंत खेळता आला पाह्यजे."

सोबती हसत होते. बाबांनी हात मागे घेतला आणि प्यादं पुढे सरकवलं.