बिळापाशी बांधलेल्या चिंध्या

आमच्या बैठकीच्या खोलीत सांड्याचा एक मोठा फोटो आहे. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबतो, "वहिनी, हा कुठला प्राणी?" म्हणून विचारतो, आणि मी "त्यांनाच विचारा" म्हणत चहा टाकायला आत जाते. फोटो नवऱ्याने काढलाय, चांगलाच काढलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या सकाळी तो निघाला त्या सकाळी नेमकं काय झालं, ते इतक्या वर्षांत मला धड लावता आलेलं नाही. आज लिहून बघते, बघू काही सुचतंय का.

सुरतेतल्या प्लेगनंतर दोन वर्षांनी आलेला उन्हाळा. मी नवागामच्या बाजूला मराठी शाळेत शिकवत होते. वर्गातली निम्मी पोरं लूमवाल्यांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्यापुढे आली की शुद्धलेखन. बिचारी! नवरा बँकेत, कतारगामच्या शाखेत. दिवसभर इमानेइतबारे नोकरी आणि उरलेला सगळा जीव कॅमेऱ्यात. आधी पक्षी झाले, मग कोळी झाले. मग हजीऱ्याकडच्या रेतीत दुपारभर पालथं पडून सरडे झाले. तिथं कारखान्यांची कुंपणं पुढे सरकायला लागली आणि रखवालदार कॅमेरा बघून हाकलायला लागले, तेव्हा कुठे तो थांबला. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! स्टेशनजवळच्या फुटपाथवर सांड्याचं तेल विकणारे बसायचे. गुडघ्याला लावा, कमरेला लावा, आणखी कशाकशाला लावा. पुढ्यात कापडावर चार-पाच जिवंत सांडे, सरड्याच्याच जातीचे, पण हातभर लांब, काटेरी शेपटीचे, गप पडलेले. हे पळून कसे जात नाहीत, असं नवऱ्याने विचारलं, तर विकणारा सहज म्हणाला, "कमर तोड देते हैं, साहब." त्या दिवशी नवरा घरी आला तो जेवलाच नाही. "मला पाठ शाबूत असलेला सांडा बघायचाय," म्हणाला. "त्याच्या रानात, त्याच्या बिळाच्या तोंडाशी." खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला होता.

मे महिन्यात सुरतेतली मराठी माणसं लग्नांसाठी गावाकडे पळतात. आम्ही सासूबाईंच्या भाचीचं लग्न सोडून कच्छला निघालो. सासूबाई धुळ्याच्या. "याले काय येड लागनं?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "आन तू बी त्याना मांगे?" मी बॅग भरत होते. भिंगांना धक्का लागू नये म्हणून साड्यांच्या कातरणांत गुंडाळत होते. आमच्या गल्लीतल्या बायका घरी बसून साड्यांना लेस लावायच्या, त्यांच्याकडची कातरणं माझ्याकडे यायची आणि मी त्यांची पायपुसणी विणायचे. लाल, पिवळी, झगझगीत नायलॉनची. सुरतेचा माल, कितीही उन्हात ठेवा, रंग जायचा नाही.

नवऱ्याच्या बँकेतल्या एका भुजकर सहकाऱ्याने एका म्हाताऱ्या गुराख्याशी गाठ घालून दिली होती. त्यांना सगळे बापा म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. दहा-बारा गोल झोपड्यांची वस्ती, बाहेर म्हशी, आणि नजर जाईल तिथपर्यंत भेगाळलेली, खारट जमीन, मध्येच एखादं टेकाड. बापा कच्छी बोलत, आमच्यासाठी मुद्दाम सावकाश गुजराती बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "सांडा गवत खातो, म्हैसही गवत खाते. दोघांचं भांडण नाही, मग आपण कशाला मारायचं?" तेलासाठी पकडणारी माणसं कधीमधी येत, पण बापा आणि वस्तीतले दोन-तीन म्हातारे त्यांना टिकू देत नसत. आम्हाला रानात फिरायला बापांनी सगळ्यांच्या वतीने हो म्हटलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला हेच टोचलं.

दोन दिवस आम्हाला काही जमलं नाही. सांडा म्हणजे अजब प्राणी. संध्याकाळ व्हायच्या आत बिळात शिरतो आणि आतून माती ढकलून तोंड बुजवून टाकतो. इतकं सफाईने, की तिथं बीळ होतं हे शपथेवर सांगूनही खरं वाटू नये. सकाळी ऊन तापलं की आतून दार उघडतो आणि आधी नुसतं डोकं बाहेर काढतो. आम्ही चालत गेलो की पावलांच्या हादऱ्यानेच तो गुडूप. नवऱ्याचं म्हणणं, त्याने दार उघडायच्या आधीच तिथं जाऊन बसायला हवं, अगदी दगड होऊन. पण बुजलेलं बीळ सापडायचं कसं? दोन सकाळी आम्ही चुकीच्या जागेपुढे दगड होऊन बसलो. माझ्या पायाला अशा मुंग्या आल्या की उठताना मी पडलेच.

तिसऱ्या संध्याकाळी बापा म्हशींना पाण्यावर घेऊन गेले होते. आम्ही दोघं रानात होतो, सांडे एकेक करून घरात शिरत होते. आणि मला सुचलं. हो, मलाच! नवऱ्याला सुचलं असतं तर आज मी किती आरामात असते. मी पिशवीतून कातरणं काढली. ज्या बिळात सांडा शिरताना दिसला त्याच्या शेजारी बाभळीची काटकी खोचली आणि तिला चिंधी बांधली. तेवढ्यावर थांबेल तर मास्तरीण कसली? मोठ्या सांड्याच्या बिळाला लाल, पिल्लांच्या बिळाला पिवळी. नऊ लाल, दोन पिवळ्या. चिंध्या संपल्यावर टेकाडाच्या पलीकडे नवऱ्याला आणखी दोन बिळं दिसली, ती तशीच राहिली, नुसती लक्षात ठेवली. परत निघताना मी मागे वळून बघितलं. इतक्या ओसाड रानात त्या चिंध्या काय उठून दिसत होत्या! मला अगदी शाबासकी द्यावीशी वाटली स्वतःला.

सकाळी उजाडता उजाडता पोचलो. पहिल्या लाल चिंधीजवळ खड्डा होता. कमरेइतका खोल, ताजी ओली माती बाजूला उपसलेली, पहारीचे घाव स्पष्ट. दुसऱ्या चिंधीजवळ खड्डा. तिसऱ्या. मी पळत सुटले. नऊच्या नऊ. दोन पिवळ्या चिंध्या मात्र तशाच फडफडत होत्या, त्यांच्याजवळची माती कुणी हलवलेली नव्हती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच.

"तसं नसेलही," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोकं चालू होतं. "पकडणाऱ्यांना चिंधी कशाला लागते? पाय आपटून पोकळ जागा कळते त्यांना. मोठं बीळ कुठलं, हेही कळतं."

"मग टेकाडापलीकडची बघ चल."

पलीकडची दोन्ही शाबूत होती. आणि त्यांत एक चांगलं मोठ्या सांड्याचं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ते लोक इकडे आलेच नसतील." तेही खरं असू शकत होतं. आम्ही तिथंच उभे राहून भांडत होतो तोवर ऊन तापलं, आणि समोरची माती हलली. अर्धचंद्रासारखी फट पडली, आणि डोकं बाहेर आलं. नवरा बसला तो थेट जमिनीवर. "हलू नकोस," कुजबुजला. "तुझ्या पाया पडतो, हलू नकोस."

मला इतका संताप आला! माझ्या हातात मघाशी खड्ड्याजवळून उचललेली एक लाल चिंधी, डोळ्यांतून पाणी, आणि हा माणूस भिंग फिरवतोय. पण मी हलले नाही. सांडा बाहेर आला, काळपट, थंडगार, आणि ऊन चढत गेलं तसा माझ्या डोळ्यांसमोर मातकट, पिवळसर होत गेला. मान वर करून बसला. त्याच्या मांडीवर निळसर झाक होती. इतकं देखणं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्या क्षणी मला ते बघायचंही नव्हतं. रोल संपेपर्यंत तो तिथंच होता. नवरा रडत होता, ते मला नंतर कळलं. आनंदाने की कशाने, मी विचारलं नाही.

परतताना वाटेत बापा भेटले. त्यांनी खड्डे बघितले होते, हातात एक लाल चिंधी होती. "बघा बेन," ते म्हणाले, "किती शहाणे झालेत मेले! आदल्या दिवशी येऊन निशाणी बांधून गेले आणि मग खणलं." मग नवऱ्याला विचारलं, "काल संध्याकाळी तुम्ही इकडे होता ना, साहेब? कुणाला बघितलं?"

"नाही," नवरा म्हणाला. "कुणीच दिसलं नाही."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मी तोंड उघडलं, आणि पदराने घाम पुसून पुन्हा मिटलं. का मिटलं? वाटलं होतं, थोड्या वेळाने सांगू. बापा जरा शांत झाले की सांगू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं.

दुपारी आणखी वाईट झालं. वस्तीबाहेर तलावाजवळ रस्त्याच्या कामावर आलेली काही कुटुंबं उतरली होती. त्यांच्या गोधड्यांना तसल्याच झगझगीत कापडाचे तुकडे लावलेले होते. हे तसलं कापड कुठं नसतं हो! सगळा मुलूख सुरतेचं कापड नेसतो. पण म्हाताऱ्यांनी चिंधी त्या गोधडीला लावून बघितली आणि त्या लोकांना सांगितलं, आमच्या पाण्यावरून उठा. सामानात एकही सांडा मिळाला नाही. पहारी होत्या, पण रस्त्याच्या कामावरच्या माणसाकडे पहार नसेल तर काय असेल? एक बाई झाडाला बांधलेली झोळी सोडत होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा गाठ सोडायला लागली.

"आता सांगते मी," मी नवऱ्याला म्हणाले.

"सांग," तो म्हणाला. "पण विचार कर. आपल्याला रानात कुणी सोडलं? बापांनी. मान त्यांची खाली जाईल. आणि खणलं याच लोकांनी असेल तर? मग तू चोरांना सोडवशील आणि बापांना अडकवशील."

खणलं त्यांनी असेल, नसेल. चिंधी नसती तरी खणलं असतं, नसतं. तो मला वाचवत होता, बापांना वाचवत होता की त्याच्या रोलमधल्या त्या फोटोला, हेही मला कळलं नाही. मी वर्गात पोरांना दम भरते, ज्याने केलं त्याने हात वर करा म्हणून. माझा हात काही वर झाला नाही. संध्याकाळपर्यंत ती माणसं गाढवांवर बिऱ्हाड लादून निघून गेली.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेव्हा बापा एक पत्रा घेऊन आले. तेलाचा डबा कापून सरळ केलेला. बरोबर काळा रंग आणि कुंचला. "बेन, तुम्ही मास्तर," ते म्हणाले. "रस्त्याकडेला पाटी लावायची. आमच्यात कुणाला असं लिहिता येत नाही. गुजरातीत लिहा, सगळ्यांना कळेल."

मी अंगणात मांडी घालून बसले. त्यांनी आधी सांगितलं, सांडा पकडण्याची मनाई आहे. मी लिहिलं. मग थांबले, विचार केला, आणि म्हणाले, "आता लिहा, बिळापाशी निशाणी करणारा चोर आहे."

नवरा बॅगेशी उभा होता. त्याने मान फिरवली. बापांना वाचता येत नव्हतं, त्या वस्तीत कुणालाच फारसं येत नव्हतं. मी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी त्यांनी सांगितलं तेच लिहिलं, अक्षरांत सारखं अंतर राखून, 'चोर' जरा मोठं. त्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. मी वाचून दाखवलं.

"छान," बापा म्हणाले. "तुम्ही आलात म्हणून हे झालं, बेन."

"खाली कुणाचं नाव घालू?" मी विचारलं.

"नाव कशाला? ज्याने केलंय तो वाचेल आणि समजेल."

रंग ओला होता. वाळेपर्यंत पाटी मीच धरून उभी राहिले.