गोधड्यांतली धूळ

माझी मुलगी डॉक्टर आहे, पण दवाखाना चालवत नाही. दमा कशानं होतो, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी असते, याचाच तिनं जन्मभर अभ्यास केला. मी चौथी शिकलेली. जेवढं मला कळतं तेवढंच लिहिते.

ती शिकून आली तेव्हा तिच्या वडिलांनी जालन्यात दवाखान्यासाठी जागा पाहून ठेवली होती. ती म्हणाली, मला संशोधन करायचंय. त्यांनी बोलणं टाकलं. शेवटी असं ठरलं, की दिवाळीपर्यंत तिनं काम उभं करून दाखवावं, नाही तर जालन्यात बसावं. काम म्हणजे आधी दमेकऱ्यांच्या अंथरुणातली धूळ गोळा करायची. ती मिळाली तरच कॉलेजातले सर पुढचं करू देणार होते.

आमचं गाव परतूरजवळ. दमेकरी भरपूर. तिनं दवंडी दिली, उद्या डॉक्टर घरोघर धूळ तपासायला येणार. दुसऱ्या दिवशी धूळ ओढायचं मशीन घेऊन ती निघाली, मी सोबत. बघावं तिथं सारवलेलं, गोधड्या धुऊन तारेवर. मशीनमधलं फडकं पांढरं घातलं, पांढरंच निघालं. आमच्या घरीही तेच.

"माय, तू बी?"

"मंग काय! डॉक्टरच्या मायचंच घर घाण म्हणू देऊ का लोकाला?"

माझ्या जावेला दमा सगळ्यांत जास्त आणि तिचं घरही सगळ्यांत लख्ख. तिनं दारातूनच विचारलं, "काय सापडलं गं पोरी?"

"काहीच न्हाई, काकू."

"सापडंल कसं!" जाऊ खूश, मुलगी रडकुंडीला.

मुलगी गावातच राहिली. गोधड्या धुऊ नका, म्हणून सांगत फिरली. बायांना वाटलं, ही मुद्दाम घाण पकडायला बघते. त्यांनी परत धुतल्या. त्यात दिवाळीची झाडझूड तोंडावर आलेली.

वेचणीचे दिवस होते. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा आणि त्याच्या कडेला निजायचं, अशी आमच्याकडची रीत. जाऊही तशीच निजायची. एका दुपारी गोधडी झटकता झटकता तिला दम लागला. गुडघ्यांवर हात टेकून बसली, बोलता येईना. मुलीनं पिशवीतून दम्याचा, तोंडानं ओढायचा पंप काढला. जाऊ हात झिडकारू लागली. पंप एकदा लागला की सुटत नाही, असं तेव्हा सगळेच धरून चालायचे.

मी म्हटलं, "तोंड उघड, न्हाई तर मी उघडते."

तिनं उघडलं. थोड्या वेळानं धाप कमी झाली.

मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला घाण कोण म्हणतंय? तुमचा दम कशानं लागतो ते मला धुंडायचंय, अन् तुम्ही पुरावाच धुऊन टाकून राह्यल्या."

"पुरावा? मी काय चोर हाये?"

"चोर गोधडीत हाये."

जावेनं गोधडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माझ्या घरची म्हणून कुठं सांगायचं न्हाई."

"पिशवीवर नाव न्हाई, फक्त नंबर."

"बराबर. मंग दिवाळीच्या तोंडावर ये. तवर मी हात लावत न्हाई."

तिनं खरोखरच झाडझूड मागं ढकलली. ही न झाडता बसली म्हटल्यावर गल्लीतल्या बाकीच्यांनाही धीर आला. "तिच्याकडं किती निघाली?" असं एकमेकींना विचारत आपापली अंथरुणं पुढं करू लागल्या. घर कसं लख्ख ठेवावं, याचं शहाणपण ज्या मला एरवी शिकवायच्या, त्यांच्याकडं तर फडकं काळं झालं. मी ते नीट पाहून घेतलं.

दिवाळीच्या आधी पिशव्या भरल्या. वडील पिशव्या उचलून एसटीपर्यंत आले. कंडक्टरनं विचारलं, "बाई, काय भरलंय एवढं?"

"धूळ."

"आमच्या गाडीत कमी पडली व्हय?"

गाडीतले सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी पिशव्या मुलीच्या मांडीवर नीट ठेवल्या आणि कंडक्टरला म्हणाले, "कामाची हाये ती. सांभाळून ने."